आमची वाटचाल : गणवेश ते बॅटलड्रेस

सोलापुरात गणवेश शिवणारे गल्लोगल्ली आहेत. वडिलांनी सुरू केलं, मी चालवलं. जूनच्या आधी झोप नाही आणि दिवाळीनंतर मशिनी झाकून ठेवायच्या, हा आमचा धंदा.

त्या रिकाम्या महिन्यांत साताऱ्याकडचे एक साहेब आले. आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीतून इटलीत लढलेले. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती आघाडी. आजोबांचा लोकरी सर्जचा बॅटलड्रेस, म्हणजे लढाईतला जॅकेट-पँटचा गणवेश, त्यांनी जपून ठेवला होता. म्हणाले, "असंच, पण आपल्या उन्हात घालता येईल असं शिवा." म्हणजे ड्रिलमध्ये, जाड सुती कापडात. कमरेपर्यंतचं आखूड जॅकेट, छातीवर दोन खिसे, खाली पट्टा-बकल.

आमच्या कटिंग मास्तरांनी एक टाका न उसवता ते टेबलावर पसरून पुठ्ठ्यावर उतरवलं. डाव्या खिशाचं झाकण उजव्यापेक्षा दोन सूत, म्हणजे पाव इंच, रुंद निघालं. कुणीतरी नंतर बदललं असावं. मी म्हटलं, सारखं करू. मास्तर म्हणाले, "राहू दे, ओळख आहे ती."

मग मुंबईचा एक निर्यातदार आला. नाव घेत नाही. "सॅम्पल द्या, पॅटर्नचा पुठ्ठाही द्या, फिटिंग तपासायचंय." ऑर्डर मोठी होती, दोन्ही दिलं. आम्ही ड्रिलची थानं उधारीवर उचलली, पँटच्या शिलाईसाठी जुनी फीड-ऑफ-द-आर्म मशीन (पायाची दुहेरी शिवण घालणारी) घेतली. माल गेला आणि निम्मा परत आला. कारण काय, तर कापडाच्या रंगाचा शेड जुळत नाही! तो शेड त्यांनीच पास केलेला. सहीचा तुकडा आजही माझ्या कपाटात आहे. बिल अडकलं, कापडवाला रोज दारात, कारागिरांचे पगार थकले, मशीन विकायला काढली.

पुढच्या हंगामात तेच जॅकेट त्यांच्या लेबलखाली दुकानात! मी एक विकत घेतलं आणि टेप लावली. डावं झाकण दोन सूत रुंद. ते तसं का, हे त्यांच्या कारागिराला कुठून कळणार? पुठ्ठा ठेवला, कापलं. वकील म्हणाले, झाकणाच्या मापावर केस उभी राहत नाही. नसेल राहत.

परत आलेला माल साताऱ्याच्या साहेबांनी उचलला, तोही रोख देऊन. माजी सैनिकांत, नातेवाइकांत खपवला. एकदाही भाव पाडून मागितला नाही. त्यानंतरची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

नव्या पोरांना सांगतो, ऐका न ऐका : तयार नग द्या, पुठ्ठा कुणाला देऊ नका. ड्रिल सॅन्फोराइज्ड, म्हणजे आटू नये म्हणून गिरणीतच प्रक्रिया केलेलं, असलं तरी धुऊन मगच कटिंगला घ्या.

आणि गिऱ्हाइकांनो, ही पँट बेंबीवर घालायची असते. खाली ओढून घालता आणि आसन लोंबतं म्हणून परत पाठवता, त्यात शिवणाऱ्याचा काय दोष? दुसरं, "ओरिजिनल पाहिजे" म्हणत पायाला बाहेरून दुमड मागतात. ब्रिटनमध्ये १९४२ साली कापड वाचवायला पुरुषांच्या पँटला दुमड ठेवायलाच बंदी आली होती. हवी तर लावून देतो, पैसे वेगळे पडतील. फक्त मग तिला युद्धकाळातली म्हणू नका.