स्टेपनी नसलेल्या गाडीने गणपतीपुळे ते विजयदुर्ग

पुण्याहून ताम्हिणी, माणगाव करत गणपतीपुळ्याला पोचलो, तोवर सगळं छान चाललं होतं. दुसऱ्या दिवशी निवळी, हातखंबा, पालीवरून विजयदुर्गाकडे निघालो. लांज्याच्या पुढे एका डायव्हर्जनवर काँक्रीट संपून गाडी खाली खडीवर उतरली आणि पुढचं डावं चाक कडेवर जोरात आपटलं. उतरून पाहिलं तर टायरच्या साइडवॉलला, म्हणजे बाजूच्या भिंतीला, बोटभर चीर, आतले धागे बाहेर आलेले.

आमच्या गाडीला स्टेपनी नाही. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तर स्टेपनी न देण्याची मुभा १ ऑक्टोबर २०२० पासून नियमातच आहे. पण किटमधलं द्रव्य खिळ्याचं भोक बुजवतं, साइडवॉलची चीर नाही. शिवाय स्टेपनी नाही म्हणून गाडीत जॅक नाही, पानाही नाही. हेल्पलाइनवाले गाडी उचलून न्यायला तयार होते, पण टायर आणून देणं त्यांच्या कामात बसत नव्हतं.

लांज्याचा टायरवाला स्वतःचा जॅक घेऊन आला. टायरवर हात फिरवून त्याने साइज वाचली, २१५/५५ आर १८, म्हणजे अठरा इंची रिमचा. "पंधरा-सोळाचा आत्ता देतो. अठराचा इथं कोण मागत नाय, ठेवणार कोण?" त्याने रत्नागिरीत तीन दुकानांना फोन लावले, कुठेच नव्हता. शेवटी कोल्हापुरात एक मिळाला. तो आंबा घाटातून येणाऱ्या टेम्पोने दुसऱ्या दिवशी सकाळी आला. टायरचे १३,४०० रुपये, टेम्पोचे ६००, वर लॉजचं एका रात्रीचं भाडं. विजयदुर्ग पाहायला जेमतेम दोन तास उरले. त्या माणसाने स्वतःच्या धंद्याचा अर्धा दिवस आमच्यासाठी घालवला, त्याचे उपकार विसरणार नाही.

टायर काढल्यावर कळलं की हवेचा दाब मोजणाऱ्या आतल्या सेन्सरचा व्हॉल्व्हही तुटलाय. त्याने साधा रबरी व्हॉल्व्ह बसवून दिला. हवा टिकली, पण डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा पुण्यापर्यंत तसाच. पुण्यातही सेन्सर मागवावा लागला, पाच दिवसांनी आला.

या रस्त्याने जाणार असाल तर निघण्याआधी डिकीचा तळ उचलून बघाच. स्टेपनी नसेल तर तुमच्या चाकाच्या बोल्टला बसणारी रिम आणि टायर टायरवाल्याकडून जुळवून घ्या. जागा अडते, पण कोकणात सामान कमी नेलेलं परवडतं. तेवढा खर्च नको असेल तर टायरची साइज लिहून ठेवा आणि रत्नागिरी, कोल्हापूर, कणकवलीतल्या एकेका दुकानाला आधी फोन करून तो माल आहे का विचारा. जॅक, पाना आणि चाकाला चोरीपासून वाचवणारा लॉक नट असेल तर त्याची चावी मात्र हवीच. किटमधल्या बाटलीला मुदत असते, तीही पाहून घ्या.

नवा टायर घेताना साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे वाचा. ३२२४ म्हणजे टायर २०२४ च्या ३२व्या आठवड्यात बनलेला. घाईतल्या गिऱ्हाइकाला जुना माल खपवणं सोपं असतं. बिलावर जीएसटी १८ टक्केच असावा, २८चा दर २२ सप्टेंबर २०२५ ला गेला. आणि विमा असला तरी नुसता टायर फाटला तर नेहमीच्या पॉलिसीत काही मिळत नाही. सोबत गाडीलाही इजा झाली असेल तरच टायरचे निम्मे पैसे मिळतात. टायरचं वेगळं कव्हर पॉलिसी घेतानाच मागावं लागतं.