आधी बाण, मग आकडा

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असं समितीचं पत्र आलं आणि पहिले आठवले ते फिजिक्सचे सर. नाव लिहायची गरजच नाही. आपल्या शाळेत नुसतं ‘सर’ म्हटलं की ते एकच.

बारावीला स्थिरविद्युत चालू होती. बिंदुप्रभाराजवळचं विद्युत क्षेत्र काढायचं सूत्र सोपं आहे: के गुणिले क्यू, भागिले आरचा वर्ग; के हा ठरलेला स्थिरांक, क्यू म्हणजे प्रभार, आर म्हणजे अंतर. पाठ करून आम्ही मोकळे झालो होतो. त्या दिवशी सरांनी प्रयोगशाळेतली स्टुलं बाजूला सारायला लावली, फरशीवर खडूनं ठिपका काढला आणि म्हणाले, “हा धन प्रभार. एक मायक्रोकूलोम.” मग टेपनं मोजून ३० सेंटिमीटरवर फुली मारली. मागच्या रांगेतून कुणीतरी आकडेमोड सुरू केली. “थांब लेका. बाण कुठं जातोय ते आधी सांग, आकडा मग.” बाण, म्हणजे क्षेत्राची दिशा, प्रभारापासून बाहेर; आकडा १ लाख न्यूटन प्रति कूलोम. फुली ६० सेंटिमीटरवर गेली तशी क्षेत्र २५ हजारांवर आलं, १५ वर आणली तर थेट ४ लाख. अंतर निम्मं, क्षेत्र चौपट.

शेवटची फुली ५ सेंटिमीटरवर. उत्तर आलं ३६ लाख. आम्ही खूश. सर मात्र उकिडवेच बसून राहिले. “कोरडी हवा साधारण ३० लाखांपर्यंतच तग धरते. त्यापुढं ठिणगी. मग एवढा प्रभार बारक्या गोळीवर राहील काय?” उत्तर बरोबर आलं तरी ते हवेला पेलतं का हे बघायचं असतं, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलं.

आज गोकुळ शिरगावला माझं पावडर कोटिंगचं, म्हणजे धातूच्या वस्तूंवर कोरड्या पावडरीचा रंग चढवायचं, युनिट आहे. पावडर फवारणाऱ्या गनच्या टोकाला हजारो व्होल्ट असतात. टोक अणकुचीदार, म्हणून तिथलं क्षेत्र इतकं वाढतं की हवेचे आयन होतात, पावडर प्रभारित होते आणि अर्थिंग केलेल्या जॉबवर, म्हणजे रंगवायच्या वस्तूवर, जाऊन बसते. धंद्याचं सगळं गणित मला सरांनी त्या फरशीवरच शिकवलं होतं.

आता ती फरशी उखडून टाइल्स बसवल्यात, प्रयोगशाळेत संगणक आलेत. पोरं सीईटीसाठी चार पर्यायांतून उत्तर निवडतात, बाण कुणी काढत नाही. वाईट वाटतं.

समितीला एकच विनंती: नव्या प्रयोगशाळेला सरांचं नाव द्या. फलकाचा आणि स्थिरविद्युतच्या साहित्याचा सगळा खर्च माझ्याकडे.