‘टीका असली था ना?’

नोव्हेंबर २०२२. गोवंडीत गोवराची साथ जोरात होती आणि आम्ही घरोघर फिरत होतो. मी एएनएम, म्हणजे लस टोचणारी परिचारिका, सोबत वस्तीत फिरणारी आरोग्यसेविका, खांद्यावर लसीचा डबा. कोविडच्या काळात किती पोरांचे डोस राहून गेलेत, ते यादी पाहूनच कळत होतं.

एमआरची, म्हणजे गोवर-रुबेला लसीची कुपी एकदा मिसळली की चार तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. ११ वाजता मिसळलेल्या कुपीत दोन डोस शिल्लक होते आणि २ वाजत आले होते.

पत्र्याच्या एका खोलीत चार वर्षांचा मुलगा निजला होता. चेहऱ्यापासून पोटापर्यंत लाल पुरळ, डोळ्यांतून पाणी, उशाशी कडुलिंबाची डहाळी. "माता निकली है, दवाई नहीं देते," आजी म्हणाली. श्वास मोजला, मिनिटाला ३२. ठीक होता. व्हिटॅमिन ए चमच्यात ओतलं, दोन मिली. गोड लागलं असावं, तो चमचा सोडेना. त्याच्या आईच्या कडेवर चौदा महिन्यांची बहीण होती. लस एकही नाही.

तिला टोचायचं म्हटल्यावर आजी मध्ये आली. बाही वर करून दंड माझ्यासमोर धरला. देवीच्या लसीचे दोन वण, चार आण्याच्या नाण्याएवढे. "हे पाहा. आठ दिवस हात सुजला होता, तापात बडबडत होते मी. पोरीलाही तेच करणार?" (हिंदीत, आणि याहून बऱ्याच तिखट शब्दांत.)

मला आमच्या पणजीची गोष्ट आठवली. १९१० च्या आसपास गिरणगावात देवी काढणारा, म्हणजे देवीची लस टोचणारा, आला की बाया पोरं माळ्यावर लपवत. लससक्तीचा कायदा १८७७ पासूनच होता, दंडही व्हायचा, पण ओरखडे काढलेला हात पिकायचा ना! आणि तो बाबा आठव्या दिवशी परत यायचा, फोड 'उठला' का ते बघायला. उठला नाही तर पुन्हा टोचणार.

"काहीच होणार नाही" असं म्हणायची आम्हाला सवयच. त्या दिवशी म्हटलं नाही. सांगितलं, वण पडणार नाही, पण आठ-दहा दिवसांनी ताप येऊ शकतो, अंगावर बारीक पुरळही. भाऊ घरातच आजारी आहे, त्याचं वारं हिला आधीच लागलं असेल तर सुई उशिरा पडली असंही होईल.

आजी बराच वेळ सुनेकडे बघत राहिली. मग पोरीला स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि तिचा उजवा हात घट्ट धरला.

कुपीतला उरलेला डोस अखेर फेकावा लागला.

बाराव्या दिवशी त्याच गल्लीत गेले. मुलगा ओट्यावर गोट्या खेळत होता, कपाळावर पुरळाचे तपकिरी डाग. आजीने लांबूनच हाक मारली, "ओ मॅडम! बुखार तो आया ही नहीं. टीका असली था ना?"