रानभाज्यांची पाने शोधात वर कशी आली

रानभाज्यांवरचे माझे संकेतस्थळ सुरू केले तेव्हा, लेखाची लिंक फेसबुकवर जितकी जास्त शेअर होईल तितका तो लेख गुगलच्या शोधात वर येईल, अशी माझी पक्की समजूत होती. पहिल्याच पावसाळ्यात टाकळ्यावरचा लेख कित्येकांनी शेअर केला, आठवडाभर वाचकांची झुंबड उडाली आणि नंतर सारे सामसूम झाले. 'टाकळ्याची भाजी' असे शोधून पाहिले, तर माझे पान कुठेच सापडेना.

गुगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८ साली मांडलेल्या पेजरँकच्या, म्हणजे पानांचे महत्त्व ठरवण्याच्या, कल्पनेत एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक ही शिफारस मानली जाते, आणि शिफारस करणाऱ्या पानाचे वजन जितके जास्त तितकी तिची किंमतही जास्त. पुढे लोक प्रतिक्रियांमध्ये वाटेल तिथे लिंका चिकटवू लागले, म्हणून जानेवारी २००५ मध्ये गुगलने 'ही लिंक शिफारस म्हणून धरू नका' असे सांगणारी 'नोफॉलो' ही खूण आणली. समाजमाध्यमांवरून बाहेर जाणाऱ्या लिंकांना सहसा हीच खूण असते. २०१९ पासून गुगल तिच्याकडे आज्ञा म्हणून नव्हे तर सूचना म्हणून पाहते, तरीही शंभर शेअर म्हणजे शंभर शिफारशी असा हिशेब होत नाही. व्हॉट्सॲपवरच्या गप्पा तर गुगलला दिसतच नाहीत.

मग समाजमाध्यमांवर वेळ घालवावा कशासाठी? याचे उत्तर मला टाकळ्यानेच दिले. त्या पोस्टखाली विदर्भातल्या एका ताईंनी लिहिले, "दादा, हा तर आमचा तरोटा!" मी लेखात तो शब्द घातला, त्यांच्याकडची भाजी करण्याची पद्धत त्यांच्याच शब्दांत जोडली आणि त्यांच्या परवानगीने त्यांचे नावही दिले. लोक काय शोधून आपल्या पानावर येतात ते दाखवणाऱ्या गुगलच्या सर्च कन्सोल या साधनात काही आठवड्यांनी पाहिले, तर 'तरोटा भाजी' असे शोधणारे लोक माझ्या पानावर येऊ लागले होते. फोडशीला कुठे कुलू म्हणतात, करटोलीला कुठे कंटोली तर कुठे काटवल. मराठी माणूस गुगलमध्ये आपल्या घरातला शब्द टाकतो, आणि तो शब्द मला कोणत्याही शब्दकोशापेक्षा या मंडळींकडून लवकर मिळाला.

शेवळाच्या बाबतीत तर माझी चूकच त्यांनी सुधारली. शेवळे नीट शिजवली नाहीत तर घसा खाजतो, आणि ती खाज जावी म्हणून भाजीत काकडे ही आंबट फळे घालतात. माझ्या पाककृतीत मात्र काकडांचा उल्लेखच नव्हता. पालघरकडच्या एका काकूंनी ते लक्षात आणून दिले, शिवाय बाजारात शेवळांच्या जुडीशेजारीच ठेवलेल्या हिरव्या काकडांच्या वाट्याचा फोटो पाठवला. तो फोटो आज त्या पानावर आहे आणि चित्रांच्या शोधातूनही वाचक येतात.

खऱ्या वजनाची लिंकही अशीच मिळाली. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंशी एका फुलाच्या ओळखीवरून फेसबुकवर माझी वर्षभर चर्चा चालली होती. मी कधी मागितले नव्हते, तरी त्यांनी आपल्या महाविद्यालयाच्या पानावर, विद्यार्थ्यांसाठीच्या वाचनात, माझ्या लेखाचा दुवा दिला. त्याआधी एका एजन्सीकडून मी पैसे मोजून लिंका घेतल्या होत्या. त्या परदेशी जुगाराच्या आणि कर्जाच्या पानांवर निघाल्या, आणि त्या काढून टाकण्यासाठी पत्रव्यवहार करण्यात माझे दोन महिने गेले. विकतच्या लिंकांच्या विरोधात गुगलने एप्रिल २०१२ मध्येच आपल्या शोधाच्या पद्धतीत पेंग्विन नावाचा बदल आणला होता, हे मी आधी वाचायला हवे होते.

आता मी लिंक टाकून निघून जात नाही. पोस्टखालच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देतो, आणि तोच प्रश्न तीनदा आला की त्याचे उत्तर संकेतस्थळावर सविस्तर लिहितो, कारण फेसबुकवरची चर्चा चार दिवसांत खाली जाते आणि नंतर ती शोधूनही हाती लागत नाही. मजकूर फोटोवर छापून पाठवणेही मी बंद केले. अक्षरे निवडता येतील, कॉपी करता येतील अशीच ठेवतो.

सध्या कुर्डूच्या पानाचे काम चालू आहे. तुमच्याकडे तिला काय म्हणतात, ते तालुक्याच्या नावासह कळवा.