मालवणचा गडी लेक एरीत आडवा 😂
पहाटे साडेचारलाच अमेरिकेत ओहायोतल्या पोर्ट क्लिंटनला पोचलो, वॉलआय मासे पकडायची टुर्नामेंट, आम्ही चौघं मित्र. लेक एरीचा हा पश्चिमेकडचा भाग उथळ, सरासरी 24 फूटच खोल, त्यामुळे जरा वारा सुटला की लाटा इतक्या जवळजवळ येतात की बोट नुसती आपटत राहते, आणि "समुद्र बघत वाढलोय रे मी" म्हणणारा आमचा मालवणकर सगळ्यात आधी आडवा! मला दोन लागले, त्यातला एक साडेचौदा इंची, ओहायोत 15 च्या खालचा ठेवता येत नाही, सोडला परत. या माशाचे डोळे काय चमकतात राव, काचेच्या गोट्याच. टुर्नामेंटमध्ये कितवा नंबर ते विचारू नका. दुसऱ्याला बायकोने आगळ-हळद लावून रव्यात तळलाय, बोटं चाटतच टाईप करतोय