दादरचा जिना आणि डोंबिवलीची गर्दी

मुंबईच्या लोकलच्या गर्दीचा विषय निघाला की प्रत्येकाकडे एकच औषध तयार असतं, गाड्या वाढवा. वाढवा ना, नको कोण म्हणतंय! पण पीक अवरला दादरला जरा बाजूला उभं राहून बघा, एका फास्ट लोकलमधून शेकड्यांनी माणसं उतरतात आणि ती ब्रिजवर पोचायच्या आत मागची गाडी येऊन उभीसुद्धा राहते. फलाट रिकामा व्हायच्या आधीच पुढची खेप उतरणार असेल तर गाडी वेळेवर आली तरी पंचाईत, आणि उशिरा आली तर विचारूच नका.

आणि पूर्ण फलाट काही सारखा भरत नाही हो. बारा डब्यांची लोकल म्हणजे साधारण अडीचशे मीटर लांब, त्यात खच्चून गर्दी कुठे, तर जिन्याच्या आसपासच्या तीन-चार डब्यांसमोर आणि जिथे लेडीज डबा लागतो तिथे. टोकाला जाऊन बघा, बऱ्यापैकी मोकळं असतं. आता सकाळी डोंबिवलीला लोक ठरावीक खांबापाशीच का उभे राहतात? कारण त्यांना दादरला जिन्यासमोर उतरायचं असतं. म्हणजे डोंबिवलीच्या फलाटावर कोण कुठे उभं राहणार हे दादरचा जिना ठरवतो. मी पण तेच करते, त्यामुळे लोकांना 'पुढे सरका, पुढे सरका' सांगून काही होणार नाही हे मला पक्कं माहितीये, पुढे सरकलं तर उतरल्यावर सगळा फलाट उलटा तुडवत यायचं, कोण सरकेल?

जिन्याच्या पायथ्याशी तर वेगळाच प्रकार. बॅग पोटाशी, अर्धं अर्धं पाऊल, पुढच्याच्या चपलेवर आपला पाय, आणि वरून दोन जण खाली यायला बघतायत कारण त्यांची गाडी इंडिकेटरवर 'एक मिनिट' दाखवतेय. चढणारे चारशे आणि उतरणारे दोन, पण त्या दोघांमुळे अख्खी एक रांग अडते. मध्ये रेलिंग टाकून येणं-जाणं वेगळं केलं तर निदान एवढं तरी सुटतं. सरकत्या जिन्याचं दुखणं वेगळं, तो माणसं आणून वर टाकतच राहतो, वर कोणी ट्रॉली बॅगचं हँडल ओढायला थांबला की मागच्यांना थांबायची सोयच नाही.

२९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनला काय झालं ते आठवा. पाऊस आला म्हणून लोक ब्रिजवर थांबले, खालून गाड्या येत राहिल्या, माणसं चढत राहिली आणि पुढे जायला जागाच नव्हती. २३ जीव गेले. मग लष्कराने तिथे पूल बांधला, फेब्रुवारी २०१८ मध्ये तो सुरू पण झाला, म्हणजे मनात आणलं तर काही महिन्यांत ब्रिज होतो हे सगळ्यांनी बघितलंय.

त्यामानाने दादरला अलीकडे जे झालं ते मला आवडलं. सप्टेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेचा जुना दोन नंबरचा फलाट बंद करून एक नंबर रुंद करायला घेतला आणि दादरहून सुटणाऱ्या लोकल परळवरून सोडायला लागले. तेव्हा दादरकर चिडले होते, साहजिक आहे, बसायला मिळणारी गाडी गेली की कोणीही चिडेल. मग डिसेंबरात फलाटांचे नंबर बदलले, पश्चिम रेल्वेचे एक ते सात आणि मध्यचे आठ ते चौदा, नाहीतर 'एक नंबरला भेट' म्हटलं की कुठला एक हाच प्रश्न. आणि दहा नंबरच्या गाडीला अकराच्या बाजूनेही चढता-उतरता यायला लागलं. दोन्ही दारांनी माणसं उतरली की एका फलाटावरचा भार सरळ निम्म्यावर येतो, नवीन गाडी नको की नवीन रूळ नकोत. जिथे जागा आहे तिथे हे सगळ्यात आधी करायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

ठाण्याच्या पाच नंबरला जागाच नव्हती, तिथे रूळच सरकवावे लागले. मे २०२४ च्या शेवटी तो ६३ तासांचा मेगाब्लॉक (कामासाठी रूळ बंद), ९०० च्या वर लोकल रद्द, कसले हाल होते ते. आणि मिळालं काय तर दोन-तीन मीटर रुंदी. ऐकायला किरकोळ वाटतं, पण गाडी यायच्या वेळी पिवळ्या पट्टीच्या आत राहून दोन मीटर जास्त मिळणं काय असतं ते तिथे रोज उभं राहणाऱ्यालाच कळेल.

बाकी साध्या गोष्टी आहेतच, जिन्याखालचे स्टॉल हलवा, टोकापर्यंत पत्रे टाका (पावसात सगळे छपराखाली कोंबले जातात, टोकाला छप्परच नसेल तर तिथे कोण उभं राहणार), आणि शेवटच्या मिनिटाला फलाट बदलल्याची अनाउन्समेंट तर करूच नका. पंधरा डब्यांच्या गाड्या वाढवताय तर उत्तमच, पण त्या तीन जादा डब्यांसमोर ब्रिज नसेल तर ती सगळी माणसं चालत पुन्हा त्याच जुन्या जिन्याखाली येणार. ऑफिसच्या वेळा पुढेमागे करा असं रेल्वे कधीची सांगतेय. नोव्हेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेने स्वतःच्या मुंबईतल्या ऑफिसात दोन वेळा करूनही बघितल्या. बाकीच्या ऑफिसांतले साहेब मात्र साडेनऊच्या पंचिंगवर अडून बसलेत.

आता जून २०२५ मध्ये मुंब्र्याला दारात लटकलेली माणसं पडली, त्या अपघातानंतर साध्या लोकलला पण बंद होणारे दरवाजे लावायचं चाललंय. व्हायलाच पाहिजे, त्यावर वादच नाही. फक्त आज दारात लटकून जाणारी दहा-पंधरा माणसं दार बंद झाल्यावर जातील कुठे, तर राहतील फलाटावरच, आणि दार लागेपर्यंत गाडीही थोडी जास्त थांबेल. म्हणून दरवाजांचं काम आणि ब्रिजचं काम एकाच वेळी काढा, एकामागून एक नको.