‘दे’ म्हणजे नेमके किती जण?

आज दिवसभर एका कंपनीच्या नियमावलीचं भाषांतर करत बसले होते. त्यातलं एक वाक्य: ‘इफ ॲन एम्प्लॉयी लूझेस देअर कार्ड, दे मस्ट इन्फॉर्म सिक्युरिटी.’ कर्मचारी एक, कार्ड एक, सर्वनाम मात्र अनेकवचनी. (हे ‘दे’ घे-दे मधलं नव्हे बरं!)

शेजारच्या टेबलावरचे सर डोकावून म्हणाले, "अगं, मूळ इंग्रजीच गंडलंय. तिथे पुल्लिंगी ‘ही’ पाहिजे."

गंडलंय कसलं? बाई की पुरुष ठाऊक नसेल तर एकट्यासाठीही ‘दे’ वापरायची रीत इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आहे. सगळ्यांना ‘ही’मध्ये कोंबायचा हट्ट नंतरच्या व्याकरणवाल्यांचा. कायद्यांतल्या शब्दांचा अर्थ कसा लावायचा ते सांगणाऱ्या आपल्या १८९७च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्येसुद्धा पुल्लिंगी शब्दांत स्त्रिया आल्याच असं धरलंय. आल्या बिचाऱ्या, न विचारता! आता तर स्वतःला ना ‘ही’ ना ‘शी’ म्हणवणारी माणसंही ‘दे’ वापरतात. मेरियम-वेब्स्टर या अमेरिकी शब्दकोशाने २०१९ साली त्यालाच वर्षाचा शब्द ठरवलं.

तसं ‘साहेब आले’ म्हणताना आपणही एकाच माणसाला बिनदिक्कत अनेकवचन देतोच की, मानासाठी. पण मानपान बाजूला ठेवला की मराठी क्रियापद लगेच विचारतं, आला की आली?

शेवटी लिहिलं, ‘कर्मचाऱ्याचे कार्ड हरवल्यास सिक्युरिटीला त्वरित कळवावे.’ सर्वनामच गायब. मी खूश.

सरांनी वाचलं आणि म्हणाले, "छान. पण कळवायचं कोणी?"